मोराची हाक

डोंगराच्या कुशीतील एका दाट जंगलात एक मोर राहत असे. त्या जंगलात एका जुन्या बेहड्याच्या झाडाखाली वनदेवाची शेंदूर लावलेली शिळा होती. दिवस कलला की सारी पाखरे आणि जनावरे तिथे भजनाला जमत. भजन अर्थातच मोर सांगे. तो रोज देवावर नवे पद रचत असे, आणि मुलांनो, पदाच्या शेवटी 'मोर म्हणे' असे गुंफायला तो कधीही विसरत नसे.

त्या भजनाला एक साळिंदरही येई. त्याला ना गळा होता, ना पदे पाठ होती. आपले काटे कुणाला टोचू नयेत म्हणून ते लांब करवंदीच्या जाळीशी बसे आणि पुटपुटे, "देवा, तुझ्याशिवाय मला कुणी नाही." एके दिवशी मोर रंगात आला असताना साळिंदराचे काटे खुळखुळले. मोर गाणे थांबवून म्हणाला, "तुझ्यामुळे माझा ताल चुकतो. देवाला तरी असली संगत रुचेल का?"

"खरं आहे, बुवा," साळिंदर म्हणाले, "माझ्याच लक्षात यायला हवं होतं." ते उठून निघून गेले. भजनाला बसलेल्या सशाला वाईट वाटले, पण बुवांपुढे बोलणार कोण? त्यानंतर साळिंदर ओढ्यापलीकडूनच देवाला हात जोडू लागले.

पुढे एका सकाळी मोर ओढ्यावर पाणी प्यायला गेला आणि शिकाऱ्याच्या फासात त्याचा पाय अडकला. तो जितका धडपडे तितकी दोरी घट्ट होई. दुरून कुत्रा भुंकू लागला, तशी आसपासची जनावरे पळून गेली. घाबरलेल्या मोराने आपले सर्वांत सुंदर पद म्हणायला घेतले, पण दुसरी ओळच आठवेना. शेवटी तो एवढेच म्हणाला, "देवा, मी अडकलोय. ये."

झुडपातून साळिंदर बाहेर आले आणि दोरी कुरतडू लागले. भुंकणे जवळ येत होते. मोर म्हणाला, "तू जा. तो कुत्रा तुलाही फाडील."

"बोलू नका, बुवा. पाय सैल सोडा."

दोरी तुटली. दोघेही जवळच्या खडकाच्या कपारीत शिरले आणि कुत्रा पुढे निघून जाईपर्यंत श्वास रोखून बसले.

मग मोर हळूच म्हणाला, "मी तुला हाकललं, आणि तू माझ्या हाकेला धावून आलास."

"मला कुठली हाक ऐकू आली, बुवा? कंद खाऊन मी बिळाकडे निघालो होतो. पाय इकडे कसे वळले, मला ठाऊक नाही. ज्यानं वळवले त्याला हात जोडा."

"पण त्यानं माझ्यासाठी का वळवावेत? मी तर त्याच्यासमोर बसून स्वतःचीच थोरवी गात होतो."

साळिंदराने थोडा विचार केला. "लेकरू चिखलात पडलं तर आई आधी उचलून घेते, बुवा. चिखल मग धुते."

मोराने मान खाली घातली आणि त्याचे डोळे भरून आले.

तात्पर्य : देवाची दया योग्यता पाहून येत नाही, गरज पाहून धावते, ती ओळखू येते मात्र 'मी'पणा गळून पडल्यावरच.