दोराचं मागचं टोक

त्या राज्यात घर मागून मिळत नसे. एका रांगेत उंबरठा ओलांडतील तेवढीच मंडळी घरची ठरत. रांगेत मोकळी जागा पडली की दारवान मुंगूस दार लावून घेई. मागे राहील तो चाकर. त्याला काम विचारायचं, येत नसेल तर हाकलायचं.

टिटवीचं धाकटं पिल्लू पायाने अधू होतं. टिटवी पिल्लांची रांग घेऊन उंबरठा ओलांडत असताना ते जरासं मागे पडलं आणि दार लागलं.

"अहो दारवानदादा, माझंच आहे हो ते!" टिटवी आतून ओरडली.

"मधे जागा पडली, आक्का. आता तो चाकर." मुंगसाने पिल्लाला विचारलं, "काय रे, काम काय येतं?"

"आई," पिल्लू म्हणालं.

"असलं काम इथे नसतं." त्याने पिल्लाला माळावर हाकललं. वर घार घिरट्या घालतच होती.

पुढे टिटवीला कळलं, की बडी मंडळी कुटुंबाभोवती दोर धरून येतात. दोन्ही टोकं धरलेली असली की मधली जागा दारवानाने मोजायची नाही. मुंगसाला हे पहिल्यापासून ठाऊक! मेल्याचं सांगताना तोंड झिजलं असतं का? टिटवी आतल्या आत जळली, पण रडली नाही. तिने दोर धरायची चाकरी पत्करली आणि नियम पाठ केले. एक नियम सगळे विसरले होते: पुढचं टोक आत गेलं आणि मागचं आलं नाही, तर ते येईपर्यंत दार उघडं ठेवायचं, मधे येईल तो त्याच घरचा.

यथावकाश मुंगसाच्याच कुटुंबाची उंबरठा ओलांडायची पाळी आली. पोरं भारी उनाड, म्हणून त्याने दोर मागवला. पुढचं टोक हंसाने धरलं, मागचं टिटवीने. हंस टोक घेऊन आत गेला, मागोमाग मुंगसाची बायको गेली, पोरंही रमतगमत गेली. टिटवी मात्र बाहेरच दोरावर बसली, अंडी उबवायला बसावी तशी.

"आक्का, या ना आत!"

"मला कसली घाई?"

तेवढ्यात माळावरून नाग सळसळत आला. मुंगसाचे केस ताठ उभे राहिले.

"आक्का, पाया पडतो. पोरं आहेत गं माझी आत!"

"मग? हेही तुमच्याच घरचे. वाट द्या, दादा."

नियमाबाहेर मुंगसाचं पाऊल आजवर कधी पडलं नव्हतं, आजही पडेना. आत पोरांचा दंगा चालला होता. त्याने दाराला पाठ लावली आणि अंग चोरून नागाला वाट दिली.