बेवारस पिशवीतली वाटी

नुसती पिशवी उचलून आतला माल ओळखणाऱ्या शेवंताबाई कोथरूडच्या एका सोसायटीत ओला-सुका कचरा वेगवेगळा घ्यायच्या. अध्यक्ष टिळेकरांना ही सगळी थेरं वाटायची. गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी एका पिशवीत सगळी सरमिसळ निघाली, तशी त्यांनी सभाच बोलावली.

"योजना फसली, बाई. उद्यापासून ती बंद आणि तुमचं कामही बंद."

"साहेब, पिशवी तुमच्याच दारातली आहे."

"कचऱ्यावर काय नाव असतं? सिद्ध करा."

"ते कुठलं जमायला," शेवंताबाई म्हणाल्या. "बेवारस म्हणून गाडीत टाकते. फक्त तळाशी केळीच्या पानात चांदीची वाटी गुंडाळली गेलीय. ज्याची असेल त्याने न्यावी."

टिळेकरांच्या घरी सकाळपासून त्या वाटीसाठी कपाटं उपसली जात होती. ते ताडकन उठले. "अहो, ती आमच्या आईची. बुडाला कमळ कोरलंय. द्या इकडे."

सभेत खसखस पिकली.

शेवंताबाईंनी पिशवीच त्यांच्यापुढे ठेवली आणि दोन्ही डबे जवळ सरकवले. "घ्या ना, साहेब. बाटल्या या डब्यात, पानं त्या डब्यात टाकत चला, वाटी आपोआप सापडेल."

त्या दिवशी सोसायटीत सगळ्यांत नीट वेगळा केलेला कचरा अध्यक्षांचा होता. योजना बंद करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.