राजाच्या घरचं पिठलं

एक होता राजा. तो मेला होता, बरं का! गोष्ट तिथूनच सुरू होते. जिवंत असताना त्याची गोष्ट सांगायचीही सोय नव्हती, इतका दुष्ट मेला.

तो गेला आणि गाव ढोल बडवायला लागलं. भिवरा तेलीण तर पदर खोचून नाचली. का नाही नाचणार? तिचा एकुलता एक सोनबा राजाच्या मिरवणुकीत नुसता हसला, तर राजानं त्याला कड्यावरून लोटून दिलं. वर दवंडी पिटवली, हिच्या दारात कुणी पाऊल टाकायचं नाही.

मग भिवरानं पुरणपोळीचा घाट घातला. पण चूल काही पेटेना! फुंकून फुंकून डोळे लाल झाले. मग शेजारणीकडे विस्तव मागायला गेली, तर तिचीही चूल गार. मग देवीच्या नंदादीपावर काकडा पेटवून आणला, तो उंबऱ्यातच विझला. साऱ्या गावात तीच गत.

"मुडद्या, मेल्यावरही छळतोस होय रे?" भिवरा राजवाड्याकडे बघून ओरडली.

तिथंही धूर नव्हता. नसणारच. माणूस गेलेल्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी पिठलं-भात नेऊन देतात. नोकरचाकर तर ढोल बडवायला पळालेले. आत राजाची म्हातारी आई एकटी.

"मरू दे उपाशी," भिवरा म्हणाली. म्हणाली खरी, पण तिला हुंदका आला. सोनबा गेला तेव्हा तीही अशीच उपाशी बसली होती.

मग रडत, चरफडत तिनं डाळ उतरवली न् पिठल्याची कढई ठेवली. चूल भसकन पेटली!

पिठलं-भात घेऊन ती राजवाड्यात गेली. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती.

"तू नाचलीस का गं?" तिनं विचारलं.

"नाचले, आईसाहेब. खोटं कशाला बोलू?"

"तो होताच तसा. पण माझा होता गं." मग म्हातारीनं हळूच विचारलं, "तुझा लेक गेला, तेव्हा तुला कुणी पिठलं आणलं होतं?"

"तुमच्या लेकाच्या भीतीनं कोण आणणार?"

म्हातारीनं पहिला घास कालवला आणि भिवराच्या तोंडात घातला. मग दोघी पोटभर रडल्या.

गावातल्या चुलीही पेटल्या. कुणी पुरण शिजवलं, कुणी नुसताच भात. ढोल मात्र पुन्हा वाजला नाही. मग गावानं बरा राजा पाहिला आणि सगळी सुखानं राहिली. भिवराही राहिली, सोनबावाचून जेवढं राहता येतं तेवढं.

मिटा बघू डोळे आता. आणि मुसमुसतंय कोण ते? ये, माझ्या कुशीत ये.