वर गेलेला हात

"गोल मारणारा तो ऑफसाइड होता की नव्हता, एवढंच सांगा, मिस्टर!"

तादेओनं व्हिडिओ लावून फोन म्हाताऱ्याच्या नाकासमोर धरला.

इटलीत फुटबॉल शिकवणाऱ्याला मिस्टर म्हणतात. सिल्वानोनं शिकवणं सोडून दहा वर्षं झाली, पण त्या लहानशा गावाच्या तोंडातून ते काही जात नव्हतं. ऐन तारुण्यातली एकोणीस वर्षं तो गावच्या संघाचा बचावपटू होता. आता अंगणात बसून वाल सोलत होता.

तादेओही बचावपटूच. वय बावीस, नाकावर माशी बसू द्यायचा नाही. गेल्या रविवारी त्याच्या बाजूनं गोल झाला आणि प्रशिक्षकानं त्याला बाहेर बसवलं. उद्या पुढच्या मोसमाची यादी लागायची होती. तीत नाव नसलं तर खेळ संपला, मग वडिलांच्या टायरच्या दुकानात बसायचं. प्रशिक्षक सिल्वानोच्या हाताखाली तयार झालेला, त्याचा शब्द खाली पडू देणार नव्हता.

सिल्वानोनं चष्मा लावला.

"ऑफसाइड होता," तो म्हणाला. "चांगला दोन पावलं पुढं, गोल धरायलाच नको होता."

तादेओचा जीव भांड्यात पडला. "बघा! मी तर ऑफसाइड म्हणून लगेच हात वर केला होता. पंचाला दिसलं नाही, त्यात माझं काय चुकलं?"

"परत लाव."

या वेळी म्हाताऱ्यानं पडद्यावर तळहात आडवा धरला. बॉल झाकला गेला, तो पुढचा खेळाडूही झाकला गेला. उरला एकटा तादेओ. हात वर, मान पंचाकडे, पाय जागच्या जागी. गोल होईपर्यंत तसाच.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. व्हिडिओ त्यानंच आणला होता. तादेओला लाज वाटली, पण जीभ काही मागं हटेना.

"तरी मी बरोबर होतो."

"होतास की."

"मग प्रशिक्षकांना सांगा ना तसं."

सिल्वानोनं वालाचं भांडं खाली ठेवलं. उठला, आत गेला आणि एक फोटो घेऊन आला. भरलेलं मैदान, मधोमध तिशीतला सिल्वानो. हात वर, मान पंचाकडे.

तादेओ फोटोकडे बघतच राहिला. "कधीचा हा?"

"संघ वरच्या गटात जायचा होता, त्या मॅचचा. शेवटचं मिनिट, बॉल आमच्या जाळ्यात."

"मग?"

"मग पुढची चार वर्षं बाकावर बसलो. पाय चांगले धडधाकट होते. पण बॉल आला की आधी हात वर जायचा."

तादेओला आता स्वतःच्या गोलापेक्षा हा जुना गोल छळू लागला. तो म्हाताऱ्यापाशी खाली बसला.

"पंचानं ऐकलं नाही का तुमचं?"

सिल्वानोनं एक शेंग उचलली.

"मिस्टर? गोल दिला त्यानं?"

सिल्वानोनं ती सोलली, दाणे भांड्यात टाकले.

"ऐकलं रे. गोल रद्द झाला, आम्ही जिंकलो, लोकांनी मला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं... बोल आता, प्रशिक्षकाला फोन लावू?"