डिंक्याला काही धरवेना

ऐका हं, बाळांनो. एक होतं कुत्र्याचं पिल्लू. त्याचं नाव डिंक्या. मांडीला चिकटलं की सुटायचं नाही, म्हणून डिंक्या.

डिंक्याचे मालक अण्णा. अण्णांचं दुकान पेंडीचं. गाई-म्हशी खातात ना, ती पेंड.

अण्णांनी ठरवलं, डिंक्याला घेऊन पळायचं. आठ दिवस तयारी केली. नवे बूट आणले. नवी टोपी आणली. पावलं मोजणारं घड्याळ आणलं. दुकानावर पाटी लावली, 'बंद आहे. मालक पळायला गेले आहेत.'

डिंक्याचा पट्टा मात्र जुनाच. गळ्यात घालायला गेले, तर शिवण उसवली. पट्टा पडला, टप्प.

अण्णा दुकानाच्या पायरीवर बसले.

इकडे डिंक्याला आली शू. शूचं झाड मोठ्या रस्त्यापलीकडे. रस्त्यावर ट्रक, भर्रर्र भर्रर्र.

"अण्णा, अण्णा, चला ना. मला काही धरवेना."

"पट्टा नाही, तर रस्ता नाही," अण्णा म्हणाले. "ट्रकला ब्रेक असतो, तुला नाही. जा, किसनमामांकडून शिवून आण."

डिंक्यानं पट्टा तोंडात धरला. गल्लीच्या कडेकडेनं निघाला. दुडू दुडू, दुडू दुडू.

किसनमामा चपला शिवत होते.

"मामा, मामा, टाका घाला. अण्णा काही उठेनात, मला काही धरवेना."

मामांनी पट्टा उलटा केला, सुलटा केला. "अण्णांचे बूट नवे, आणि तुला ही चिंधी होय? ठेव इथं. पण दोरा नाही, तर टाका नाही."

दुडू दुडू, दुडू दुडू. रुक्साना आपा शिलाई मशीनवर बसल्या होत्या.

"आपा, आपा, दोरा द्या. मामा टाका घालीनात, अण्णा काही उठेनात, मला काही धरवेना."

"देते की राजा," आपा म्हणाल्या. "पण सकाळपासून घोटभर चहा नाही. डोळेच उघडत नाहीत, दोरा कुठं शोधू? चहा नाही, तर दोरा नाही."

दुडू दुडू, दुडू दुडू. चहावाले भैरूदादा रिकाम्या पातेल्यात बघत होते.

"दादा, दादा, चहा करा. आपा दोरा देईनात, मामा टाका घालीनात, अण्णा काही उठेनात, मला काही धरवेना."

"दूध नाही, तर चहा नाही," दादा म्हणाले. "चंद्रीला विचार. माझ्याशी बोलत नाही ती."

चंद्री म्हणजे म्हैस. दुडू दुडू, दुडू दुडू.

"चंद्री, चंद्री, दूध दे. दादा चहा करीनात, आपा दोरा देईनात, मामा टाका घालीनात, अण्णा काही उठेनात, मला काही धरवेना."

चंद्रीनं शेपूट आपटली, फटॅक. "पेंड नाही, तर दूध नाही. दुकान बंद आहे म्हणे. मालक पळायला गेलेत."

डिंक्या निघाला. आता दुडू दुडू नाही. आता हळू. पाय आवळून, पाय आवळून.

दुकानावर पाटी. पाटीखाली अण्णा.

"अण्णा, अण्णा, पेंड द्या. चंद्री दूध देईना, दादा चहा करीनात, आपा दोरा देईनात, मामा टाका घालीनात, अण्णा काही उठेनात, मला काही धरवेना."

अण्णा ऐकत होते. "थांब थांब. पेंड कोणाकडे?"

"तुमच्याकडे."

"आणि उठेनात कोण?"

"तुम्हीच."

अण्णांनी घड्याळ पाहिलं. घड्याळात पावलं शून्य.

अण्णा उठले.

दुकान उघडलं, खर्रर्र. चंद्रीनं पेंड खाल्ली, कचाकचा. चंद्रीनं दूध दिलं, चुळ्ळ चुळ्ळ. दादांनी चहा केला, खदखद खदखद. आपांनी चहा प्यायला, फुर्र फुर्र. आपांनी दोरा दिला. मामांनी टाका घातला, कच्च कच्च.

पट्टा डिंक्याच्या गळ्यात. आत अण्णांची दोन बोटं. "जातात. म्हणजे घट्ट नाही." डोकं काही पट्ट्यातून निघेना. "म्हणजे सैल नाही."

मग अण्णांनी रस्त्यावर हात टेकवला. पालथा हात. "गार आहे. तुझ्या पायांना चटका नाही."

"अण्णा, लवकर."

उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. ट्रक गेला, भर्रर्र. रस्ता रिकामा. दोघं पलीकडे गेले.

झाड आलं. डिंक्यानं एक फेरी मारली. दुसरी फेरी मारली. एक पाय उचलला.

सुर्रर्रर्रर्र.

अण्णांनी टोपी नीट केली. बुटांच्या नाड्या आवळल्या. "चल डिंक्या, आता पळू या."

"कशाला?" डिंक्या म्हणाला. "माझं झालं."

अण्णांनी टोपी काढली. मग म्हणाले, "बरं झालं बाबा. नाहीतरी माझे गुडघे दुखत होते."

दोघं हळूहळू घरी आले. डिंक्या झाला मोकळा, आपली गोष्टही मोकळी.