उभी तुळई, आडवी तुळई

चांदेगडच्या राजवाड्याच्या दर्शनी भिंतीत हत्ती जाईल एवढं रुंद दार पाडायचं ठरलं. त्याच भिंतीवर वरचा मजला तोललेला होता आणि तिथे राणीसाहेबांची मुलींची शाळा भरत असे. म्हणून वाड्याचं बांधकाम पाहणाऱ्या चिमाबाईंनी दारावर सागाची जाडजूड तुळई घालायला सांगितली, आणि तीही कडेवर उभी, म्हणजे तिची रुंद बाजू उभी राहील अशी.

दिवाण त्र्यंबकराव खवळले. उभ्या तुळईमुळे दार हातभर ठेंगणं होणार होतं आणि अंबारीत बसून आत शिरण्याची त्यांची हौस राहून जाणार होती. भर दरबारात ते गरजले, "तुळई आडवी टाका! लाकूड तर तेवढंच आहे, मग ताकद कुठे जाते? बाईंना एवढंही कळत नाही?"

दरबार हसला. चिमाबाईंचे कान तापले, पण डोळ्यांपुढे वरच्या मजल्यावरच्या पोरी आल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "दिवाणसाहेब, परवा देवडीवरच्या शिपायाला तुम्ही कामावरून का काढलंत?"

"पहाऱ्याच्या वेळी आडवा झाला होता म्हणून!"

"पण माणूस तर तेवढाच होता ना?"

राजेसाहेबांना हसू आवरेना. चिमाबाईंनी लगेच एक लाकडी पट्टी दोन चौरंगांवर आडवी ठेवून दाबली, तर ती वाकली. तीच कडेवर उभी धरून दाबली, तर जागची हलली नाही.

"तुळई उभीच बसेल," राजेसाहेबांनी हुकूम दिला.

दार खुलं झालं त्या दिवशी त्र्यंबकराव दारापाशी अंबारीतून उतरले आणि पायी आत गेले. वर मुली खणखणीत आवाजात पाढे म्हणत होत्या.