बिघडलेल्या पुरणाची पंगत

फार फार वर्षांपूर्वी, अर्धं गाव चुलीपाशी आणि अर्धं पंगतीत असायचं, त्या काळातली ही गोष्ट. खवय्यांच्या एका गावात सगुणा नावाची मुलगी राहायची. तिला गावजेवणाची आचारीण व्हायचं होतं. पंच म्हणाले, वर्षभर नीट शिकून ये आणि जत्रेला पुरणपोळीचं जेवण करून दाखव. जमलं तर गावजेवणाची चूल तुझी, नाही तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

सगुणा निघाली. पहिली पाकशाळा राजधानीत होती. तिथल्या पातेल्यांत तोंड दिसायचं! पण आपली सगुणा बेरकी. ती मागच्या दारानं आत गेली. तिथं एक विद्यार्थी करपलेली भाजी घाईघाईनं राखेखाली लपवत होता. गुरुजींना कळलं तर हाकलून देतील, म्हणाला.

दुसरी शाळा ओढ्याकाठच्या झोपडीत होती. तिथं पोट सुटलेला एक म्हातारा आचारी शिष्यांसोबत खारट पिठलं खात होता. तोंडं वाकडी करत, हसत, ते कसं सावरायचं यावर सगळे वाद घालत होते. तिथली रीतच अशी, की ज्यानं बिघडवलं त्यानं वाढायचं आणि पहिला घास गुरूनं घ्यायचा.

सगुणा तिथंच राहिली. वर्षभरात तिनं इतकं काही बिघडवलं, की बिचाऱ्या गुरूचं पोट जरा आतच गेलं.

जत्रेचा दिवस आला. पाचशे माणसं जेवायची होती. धांदलीत सगुणानं डाळीतलं पाणी न काढताच गूळ घातला आणि पुरण झालं पातळ, पळीवरून ओघळणारं. आता पोळ्या लाटणार कशा? पंचांचे चेहरे उतरले. सगुणाची वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार होती.

मग तिला एकदम हसू आलं. हे असलं पुरण ओढ्याकाठी तिनं तीनदा केलं होतं आणि तिन्ही वेळा सगळ्यांनी त्याची खीर करून खाल्ली होती! तिनं बायकांना नारळ खवायला बसवलं, नारळाचं दूध पुरणात ओतलं, वर वेलची कुटून घातली.

पंगतीत पोळीची कुणाला आठवणही झाली नाही. थोरल्या पंचांनी पाचवी वाटी पुसून खाल्ली आणि विचारलं, "पोरी, या पक्वान्नाचं नाव काय गं?"

"बिघडलेलं पुरण," सगुणा म्हणाली. "राजधानीत शिकले असते, तर आत्ता ते राखेखाली लपवत बसले असते."

पंच पोट धरून हसले. तिथल्या तिथं त्यांनी गावजेवणाची मोठी पळी तिच्या हातात दिली.

तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, शिकायची जागा निवडताना तिथं काय छान शिजतं एवढंच पाहू नका, बिघडलेल्याचं काय करतात तेही पाहा.